चक्कीतलं ग्रीस

पांढरी वाळू चक्कीतून करडी होऊन बाहेर आली, तेव्हा बाईंनी आधी चष्मा पुसला. मग खोलीतला दुसरा दिवाही लावला. मग चक्कीत दळलेली वाळू एका कागदावर आणि हाताने खलात घोटलेली तीच वाळू दुसऱ्या कागदावर ओतून त्यांनी दोन्ही कागद खिडकीपाशी नेले. फरक डोळ्यांत भरण्यासारखा नव्हता. दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, काही नाही हो, सावली पडलीय. पण बाईंचं उभं आयुष्य एका मोटार मिस्त्रीचे शर्ट धुण्यात गेलं होतं. काळपट, जरासा चंदेरी, साबणाला अजिबात दाद न देणारा हा रंग त्यांनी झोपेतसुद्धा ओळखला असता.

"अहो, हे काय करून ठेवलंत," त्या रिकाम्या खोलीत स्वतःशीच म्हणाल्या आणि स्टुलावर बसल्या.

बाईंचं काम असं होतं, की ते नातेवाइकांना समजावून सांगेपर्यंत चहा निवायचा. समुद्राच्या तळाशी कोट्यवधी वर्षं साचलेला गाळ जहाजावरून लांब नळी खुपसून काढतात. त्या गाळाच्या कांड्या संस्थेच्या थंड खोलीत रचून ठेवलेल्या असतात. बाई त्यातला चिमूटभर गाळ घ्यायच्या, दळायच्या, आम्लात विरघळवायच्या आणि त्यातून मॉलिब्डेनम नावाचा एक धातू तेवढा वेगळा काढायच्या. तो गाळात असतो किती, तर हंडाभर पाण्यात मिठाचा एखादा खडा टाकावा तितका. "आणि काढून मग करता काय?" असं नणंदेने एकदा विचारलं होतं. "मोजतो," बाई म्हणाल्या होत्या, आणि नणंदेने घाईघाईने मुलांच्या शाळेचा विषय काढला होता.

मोजण्यामागचं कारण मात्र मोठं होतं. या धातूचे सगळे अणू सारख्या वजनाचे नसतात. एका घरातले भाऊ असावेत तसे काही हलके, काही अंमळ जड. समुद्रात प्राणवायू भरपूर असला, की तळावरच्या मँगनीजच्या पुटाला हलके भाऊ जास्त चिकटतात आणि पाण्यात जड जास्त उरतात. प्राणवायू सरत आला, की ते पूटच धरेनासं होतं आणि हलके पाण्यातच राहतात. त्या पाण्याची खूण तळाच्या गाळात उतरते. गाळातला आकडा हलका आला, की समजायचं, त्या काळी समुद्राचा जीव कोंडला होता. ज्या काळाला बघायला माणूस नव्हता, त्या काळचा श्वास असा चिमूटभर मातीतून कळतो, याचं बाईंना इतक्या वर्षांनंतरही नवल वाटायचं. त्या ते कुणाला बोलून दाखवायच्या नाहीत.

संस्थेत त्यांना मागून सगळे ब्लँकबाई म्हणायचे, आणि पुढूनही थोडे म्हणायचे. ब्लँक म्हणजे रिकामी कुपी. नमुन्यांच्या प्रत्येक खेपेत एक कुपी अशी ठेवायची, की जिच्यात गाळ नाहीच. बाकी सगळं तेच, तीच आम्लं, तेवढंच तापवणं, तीच गाळणी. शेवटी त्या कुपीत धातू सापडला, तर तो समुद्रातला नाही, आपल्याकडून पडलेला. ब्लँक घाणेरडा निघाला, की बाई सगळी खेप फेकायला लावायच्या. मग शिकाऊ पोरं रडोत की विभागप्रमुख सर चिडोत. लग्नाआधी बाईंनी एक ब्लँक नवरा करून पाहिला होता, हा विनोद सरांचाच. तो मिस्त्रींच्या कानावर गेला तेव्हा ते पोट धरून हसले होते.

मिस्त्री म्हणजे बाईंचे यजमान. बसगाड्यांच्या वर्कशॉपमध्ये त्यांची नोकरी झाली. इंजिन खोलायच्या आधी नुसतं कान देऊन दुखणं सांगणारा माणूस अशी त्यांची ख्याती होती. पुढे उजवा हात थरथरू लागला. डॉक्टर म्हणाले कंपवात आहे, गोळ्यांनी आवरेल, जाणार नाही. वर्कशॉपने निरोप समारंभ करून, हार घालून त्यांना घरी बसवलं. घरी बसलेला मिस्त्री ही काय चीज असते, हे ज्या घरात तो बसतो त्यालाच ठाऊक. ठाकठीक चालणारा पंखा त्यांनी दोनदा खोलला होता.

म्हणून गेल्या वर्षी संस्थेची चक्की अडकली, तेव्हा बाईंना ते बरंच वाटलं होतं. ही चक्की धातूची नसते. तिचा खल आणि बत्ता दोन्ही अकीक दगडाचे, म्हणजे दळताना धातू लागायचा प्रश्न नाही. बत्ता वरून एका दांड्याला लटकतो आणि मोटारीवर फिरतो. तो दांडा जाम झाला होता. कार्यालय म्हणत होतं, कंपनीचा माणूस येईल. तो कधी येईल हे कार्यालय म्हणत नव्हतं. शेवटी सरांच्या परवानगीने, सुट्टीच्या दिवशी, मिस्त्री आपली हत्यारांची पेटी घेऊन आले. त्या दिवशी त्यांचा हात जवळजवळ थरथरलाच नाही. दुपारपर्यंत चक्की घुमायला लागली. सर स्वतः खाली आले, मिस्त्रींचा हात हातात घेऊन म्हणाले, "आमचा समुद्र वाचवलात." हे वाक्य घरी पोचलं आणि तिथेच मुक्कामाला राहिलं.

त्यानंतर त्यांनी दुसरं कुठलं काम केलं नाही. हात बिघडतच गेला.

बाईंना शंका आली ती कुप्यांच्या झाकणांमुळे. ज्या कांडीवर त्यांनी दोन वर्षं घालवली, तिच्यात करड्या गाळातून काळ्या गाळात जाणारा वीतभर तुकडा होता. तळाच्या थरांत आकडा जड, आणि मग एकाच थरात तो धाडकन खाली आला होता. समुद्र एकाएकी गुदमरला, असा त्याचा अर्थ. हळूहळू नव्हे, एका झटक्यात. सरांना कित्येक वर्षांत इतकं खूश कुणी पाहिलं नव्हतं. लेख झाला, स्वीकारला गेला, नियतकालिकाच्या संकेतस्थळावर दिसू लागला आणि छपाईला लागला. त्यावर पहिलं नाव बाईंचं होतं. आजवरच्या सगळ्या लेखांत बाई शेवटी, आभारात राहत आल्या होत्या, जणू त्यांचा पत्ताच तो होता. या वेळी सर म्हणाले, हात तुमचे, डोळे तुमचे, नावही तुमचंच पुढे.

लेख पाठवल्यावर उरलेली पूड खोक्यात लावून ठेवताना बाईंनी कुप्या थरांच्या क्रमाने मांडल्या, आणि त्यांचा हात थबकला. तळाच्या थरांच्या कुप्यांना निळी झाकणं होती. पुढच्यांना पांढरी. जिथे निळं संपून पांढरं सुरू होत होतं, बरोबर तिथेच समुद्र गुदमरला होता. पांढऱ्या झाकणांच्या कुप्यांचा नवा माल कधी आला, ते त्यांना चांगलं आठवत होतं. चक्की दुरुस्त होऊन कामाला लागली त्याच आठवड्यात.

म्हणून ती वाळू. वाळू मापायच्या यंत्रात घातली, तेव्हा यंत्रानेही तेच सांगितलं. जड गाड्यांच्या सांध्यांना जे काळं ग्रीस घालतात, त्यात हाच धातू असतो, कितीही दाब आला तरी ते निसटू नये म्हणून. आणि तो हलका असतो. दांड्यावरून सूक्ष्म कण खलात उतरत होते आणि जिथे गाळात मुळातच धातू थोडा होता, तिथे सगळा आकडा खाली ओढत होते. ब्लँकने हे पकडलं नाही, कारण बाईंचा ब्लँक आम्लापासून सुरू व्हायचा. चक्कीत तो कधी गेलाच नव्हता.

सर टेबलावर प्रूफं पसरून बसले होते. बाईंना बघताच म्हणाले, "या, या. तुमचं नाव नीट तपासा. पहिलंच आहे, त्यात चूक नको."

"सर, लेख थांबवावा लागेल."

त्यांनी सगळं सांगितलं. निळी झाकणं, पांढरी झाकणं, वाळू. सरांनी आधी चष्मा काढला, मग परत घातला.

"पण ब्लँक स्वच्छ होता. मी स्वतः बघितलाय."

"ब्लँक चक्कीतून जातच नाही, सर."

"तुमचा ब्लँक?"

"माझाच," बाई म्हणाल्या. हे बोलताना त्यांच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

सरांनी प्रूफं गोळा करून बाजूला सारली. ते वाईट माणूस नव्हते. त्यांना फक्त एकदा तरी मोठ्या सभागृहात उभं राहून मोठं काही सांगायचं होतं, आणि ते आता हातातून जात होतं. "अहो, ग्रीस असून असून असेल किती?"

"मोहरीएवढंही नसेल. पण आपण मोजतो तेच मुळी मोहरीच्या शंभराव्या हिश्शाइतकं."

"आणि ती दुरुस्ती..." सर अडखळले. "मिस्त्रींनीच केली होती, नाही का?"

"हो."

"मग आपण असं करू. यांत्रिक दोष, एवढंच कळवू. कसला, कुणामुळे, कोण विचारतंय?"

बाईंना त्या क्षणी इतकं हायसं वाटलं, की त्यांनी उत्तर दिलंच नाही. त्या दुसरंच बोलल्या. "थंड खोलीत त्या तुकड्याची पाठ, कांडी उभी चिरल्यावरचा दुसरा अर्धा, शिल्लक आहे. सगळे थर परत करते. हाताने घोटून, चक्की न लावता."

"ती राखीव आहे, बाई. ती संपली की संपली. पुढच्यांसाठी म्हणून ठेवतो आपण."

"पुढच्यांना काय सांगायचं? आकडा चुकीचा दिला, पण तुकडा मात्र जपून ठेवलाय?"

सरांनी कपाळ चोळलं. मग कागदावर सही करून तो बाईंच्या पुढे सरकवला.

थंड खोलीची मालकीण स्वेटरताई. भर उन्हाळ्यातही त्या स्वेटर घालून बाहेर चहाला यायच्या, म्हणून हे नाव. कांड्यांवर त्यांचा जीव असा, की कापायला दिलेला प्रत्येक तुकडा त्या माहेरून निघालेल्या लेकीसारखा निरखून द्यायच्या.

"सगळाच?" कागद वाचून त्या म्हणाल्या.

"सगळाच."

"मागच्या वेळी दिला होता तो काय केलात?"

"वाया गेला."

स्वेटरताईंनी बाईंकडे नीट पाहिलं.  फडताळातून साबणाच्या लांब वडीएवढा, कागदात गुंडाळलेला गाळ आणून त्यांनी बाईंच्या हातावर ठेवला. "आता ह्याच्या मागे काही नाही हां," त्या म्हणाल्या. "जहाज काही पुन्हा जायचं नाही तिकडे."

"माहीत आहे मला," बाई म्हणाल्या.

त्यानंतरचे दोन-तीन महिने बाई रोज सकाळी लहान अकीकाचा खल मांडीशी घेऊन बसत. प्रत्येक थराच्या आधी पांढरी वाळू घोटायची, ती ब्लँक म्हणून पुढे पाठवायची, खल धुवायचा, मग गाळ. घोटताना मनगट भरून यायचं. संध्याकाळी कणीक मळताना ते बोलायचं. मिस्त्री दारातून बघत म्हणायचे, "हाताला काय झालं?"

"काम जास्त आहे सध्या."

"चक्की चालतेय ना नीट?"

"चालतेय," बाई म्हणायच्या. ते खोटं नव्हतं. चक्की चालत होती, फक्त ती कुणी चालवत नव्हतं.

हे सांगायला हवं, असं त्या रोज ठरवायच्या. ज्या बाईने सरांच्या खोलीत जाऊन स्वतःच्या हाताने स्वतःचं नाव पुसलं होतं, तिला स्वतःच्या स्वयंपाकघरात तोंड उघडवत नव्हतं. एका संध्याकाळी शेजारी नळाचं काहीतरी विचारायला आले. बाई आत होत्या. बाहेरून मिस्त्रींचा आवाज आला.

"नळाचं काय घेऊन बसलात. हिच्या संस्थेतली चक्की बंद पडली होती. परदेशी चक्की. सगळे डॉक्टर लोक भोवती उभे, एकाला समजेना. मी गेलो, कान लावला, म्हटलं सरका जरा."

"असं?" शेजारी म्हणाले.

"त्यांचे साहेब म्हणाले, आमचा समुद्र वाचवलात."

मागच्या वेळी सांगताना भोवती दोनच डॉक्टर उभे होते. या वेळी सगळा विभाग होता. बाईंना हसू आलं, आणि लगेच सकाळ आठवली. हा माणूस सकाळी शर्टाची बटणं लावायला पाऊण तास घेतो आणि मदत करू म्हटलं तर पाठ फिरवतो. त्याच्याकडे मिरवायला एवढी एकच दुरुस्ती उरलीय, आणि तीच मी त्याच्याकडून काढून घ्यायची. त्या दिवशीही त्या काही बोलल्या नाहीत.

आकडे आले. निळ्या झाकणांच्या थरांचे आकडे जुन्या आकड्यांशी जुळले. पुढचा त्यांच्या जरा खाली, त्याच्या पुढचा आणखी जरा. झटका कुठेच नव्हता. समुद्र एकाएकी गुदमरला नव्हता. त्याचा श्वास थोडा थोडा, फार मोठा काळ, कमी होत गेला होता. मध्येच एका ठिकाणी तो किंचित सुधारलासुद्धा होता, आणि मग पुन्हा उतरत गेला. प्रत्येक थराच्या आधीचा ब्लँक स्वच्छ होता. बाईंनी सगळे आकडे पुन्हा तपासले, आणि हे खरे आहेत, हे माझे आहेत, असं त्यांना आतून वाटलं. इतकं स्पष्ट त्यांना आधीच्या आकड्याच्या वेळी वाटलं नव्हतं.

"हे काही कुणी पहिल्या पानावर छापणार नाही," सर म्हणाले.

"शेवटच्या पानावर छापू देत."

"आणि मी परिषदेला जाऊन सांगू काय? हळूहळू झालं म्हणून?"

"हळूहळू झालं, तेच सांगायचं सर. तसंच झालं होतं."

सरांनी हात टेकले. जुना लेख मागे घेण्यासाठी त्यांनी चार ओळी लिहून ठेवल्या होत्या, त्या बाईंना वाचायला दिल्या. 'उपकरणातील यांत्रिक दोषामुळे' असं त्यात होतं. बाईंनी ते वाचलं, कागद खाली ठेवला, पुन्हा उचलला.

"असं नको. ग्रीस लिहा. कुठल्या जातीचं तेही लिहा, दांड्यावरून उतरलं तेही लिहा. आणि ब्लँक चक्कीच्या आधीपासून धरला नव्हता हेही घाला, ते माझ्या नावावर."

"बाई, हे कायमचं राहतं हो. मिस्त्री उद्या वाचतील, कुणीतरी त्यांना दाखवेल."

"दुसऱ्या कुठल्या प्रयोगशाळेत कुणी अशीच चक्की दुरुस्त करून घेतली असेल, तर नुसत्या 'यांत्रिक दोष'वरून तिला काय कळणार? ती बिचारी माझ्यासारखीच रिकाम्या कुप्या तपासत बसेल." बाई उठल्या. "आणि मिस्त्रींना दुसरं कुणी नाही दाखवणार. मी आजच सांगते."

संध्याकाळी त्यांनी चहा केला. मिस्त्रींचा पेला अर्धाच भरायचा, म्हणजे सांडत नाही, आणि आपलाही अर्धाच घ्यायचा, म्हणजे ते दिसत नाही, ही त्यांच्या घराची आता रीतच झाली होती. मिस्त्रींनी दोन्ही हातांनी पेला धरला.

"अहो, चक्कीतून तुमचं ग्रीस उतरलं."

"कुठे उतरलं?"

"खलात. गाळात मिसळलं. तुमच्या त्या काळ्या ग्रीसात तोच धातू असतो, जो मी मोजते. मला हे माहीत होतं, म्हणजे माहीत असायला हवं होतं. तुम्ही डबा उघडलात तेव्हा मी शेजारीच उभी होते."

मिस्त्रींनी पेला खाली ठेवला. "माल खराब झाला?"

"झाला. दुरुस्तीनंतरचा सगळा. तो लेखही मागे घेतला."

"तुझं नाव होतं तो?"

"हो."

 मिस्त्रींचा उजवा हात मांडीवर हलत होता, त्यावर त्यांनी डावा ठेवला. "कधी कळलं तुला?"

"काही महिने झाले."

"महिने." मिस्त्री दाराकडे बघत म्हणाले. "म्हणजे मी त्या शेजाऱ्यांना सांगत होतो, तेव्हा तू आतून ऐकत होतीस."

"हो," बाई म्हणाल्या. त्यांना रडू आलं, आणि त्यांनी ते लपवलं नाही. "मला धीर होत नव्हता. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"वाटतंच आहे."  मग त्यांचा आवाज बदलला, वर्कशॉपमधला झाला. "ग्रीस अडवणारी वरची रबरी सील कडक झाली होती. बघितली होती मी. त्या मापाची मिळेना, म्हटलं ग्रीस दाबून भरू, चालून जाईल. बसला चालतं तसं."

"हे नाही बोललात तुम्ही तेव्हा."

"तू कुठे विचारलंस? आणि तुझे साहेब हात हातात घेऊन उभे. त्या वेळी सील कडक आहे म्हणून कोण सांगतो?" त्यांनी चहा संपवला. थोडा शर्टावर सांडला, तिकडे त्यांनी पाहिलं नाही. "आता चक्कीचं काय करणार?"

"कंपनीचा माणूस बोलावलाय. तो खोलून साफ करेल."

"तो कशाला? मी घातलंय, मीच काढणार."

"अहो, पण..."

"सील मी शोधतो. तू फक्त सांग, तुमच्यात कुठलं ग्रीस चालतं."

सील शोधायला त्यांनी अख्खा बाजार पालथा घातला. बाईंनी बरोबर येऊ का विचारलं, तर नको म्हणाले. ती मिळाल्यावर एका सकाळी दोघं संस्थेत गेले. सर जिन्यात भेटले.  मिस्त्रीच म्हणाले, "साहेब, तुमचा समुद्र मागच्या वेळी काही वाचला नाही." सर म्हणाले, "थोडा उशिरा वाचला, एवढंच," आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून वर निघून गेले.

चक्कीच्या खोलीत शिरण्याआधी हातमोजे घालायचे होते. बाईंनी पातळ रबरी जोड पुढे केला. मिस्त्रींनी तो घेतला आणि पाठ फिरवली. एका बोटात दोन बोटं गेली, काढली, पुन्हा गेली. बाई मुद्दाम कपाटातली फडकी मोजत उभ्या राहिल्या. खूप वेळाने ते वळले, तेव्हा अंगठा अर्धाच आत होता, पण मोजे हातावर होते.

पान्याने पहिला नट धरायला त्यांना जमलं. दुसऱ्याला पाना घसरला. त्यांनी श्वास घेतला, डाव्या हाताने उजवं मनगट पकडलं आणि पुन्हा लावला. पुन्हा घसरला. तिसऱ्यांदा तो खाली पडला आणि फरशीवर खणखणला. मिस्त्री त्याच्याकडे पाहत राहिले. बाई जागच्या हलल्या नाहीत. त्यांना वाटत होतं, आपण आत्ता वाकलो तर सगळं संपेल.

"उचल," मिस्त्री म्हणाले. "मी सांगतो, तू कर."

बाईंनी जन्मात पाना धरला नव्हता.

"तिकडे नाही, आपल्याकडे. आधी हळू. आता दे जोर. अगं, नट आहे तो, विचारून नाही सुटत."

नट सुटला. मग दुसरा, मग वरची टोपी, मग दांडा. कडक झालेली सील बाहेर आली, आणि मागोमाग ते काळं, चंदेरी ग्रीस. बाईंनी ते पुसलं, सगळे भाग द्रावणात धुतले आणि फडक्यावर मांडले. मिस्त्री वाकून बघायचे आणि म्हणायचे, "परत." बाई परत धुवायच्या. "अजून एकदा." शिकाऊ पोरांना आपण इतकी वर्षं काय सोसायला लावलं, ते बाईंना त्या सकाळी कळलं.

नवी सील बसली. बाईंनी धातू नसलेलं पारदर्शक ग्रीस मागवलं होतं. मिस्त्रींनी त्याची नळी नाकाशी नेली.

"ह्याला ग्रीस म्हणतात? वाससुद्धा नाही."

"तेच चालतं आमच्यात."

"थोडंच लाव. थोडंच. माझ्यासारखं नको करूस."

सगळं जागच्या जागी बसल्यावर बाईंनी बटण दाबलं. चक्की रिकामीच घुमू लागली. मिस्त्री स्टूल जवळ ओढून बसले, दांड्यापाशी कान नेला आणि डोळे मिटले. हात मांडीवर थरथरत होते, पण मान अगदी स्थिर होती. बाईंना त्यांचा वर्कशॉपमधला चेहरा आठवेना, कारण तिथे त्या कधी गेल्याच नव्हत्या. तो बहुधा असाच असणार, असं त्यांना वाटलं.

"डावा नट जास्त आवळलास. पाव फेरा सोड."

बाईंनी चक्की थांबवून पाव फेरा सोडला आणि पुन्हा सुरू केली. त्यांना दोन्ही आवाज सारखेच वाटले. मिस्त्रींनी आणखी थोडा वेळ ऐकलं, मग मान हलवली.

"आता घाल तुझी वाळू," ते म्हणाले, "आणि मोज. मी म्हणतो म्हणून धरून नको चालूस." आणि मोजे काढून घ्यायला त्यांनी आपले दोन्ही हात बाईंच्या पुढे धरले.